समुद्रपूर ते हिमसागर : न विरणाऱ्या विषांची हकीकत

वर्धा जिल्ह्याच्या पूर्वेच्या अंगास, नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या आसपास, समुद्रपूर नांवाचा एक तालुका आहे. नांवांत समुद्र असला तरी गांवाला समुद्राचा शेजार नाहीं. पूर्वसमुद्र काय किंवा पश्चिमसमुद्र काय, दोन्ही येथून शेंकडों मैल दूर आहेत. येथें आहे ती काळी, पावसांत पाय रुतविणारी आणि उन्हाळ्यांत भेगाळणारी कापसाची जमीन; शिवारांत पऱ्हाटी आणि तूर; आणि मृगाच्या सरीकडे डोळे लावून बसलेला कास्तकार. तालुक्यांतील ओढ्यानाल्यांचें पाणी वर्धा नदीच्या द्वारें प्राणहितेस व गोदावरीस मिळून अखेर बंगालच्या उपसागरांत जातें. समुद्राशीं या मुलखाचा संबंध काय तो एवढाच, असें भूगोलाच्या पुस्तकावरून कोणीहि म्हणेल.

परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अशा कापूसमुलखांचा पृथ्वीच्या अगदीं उत्तर टोंकाच्या समुद्राशीं आणखी एक संबंध जडला. तो नदीनें जडला नाहीं, गलबतांनींहि जडला नाहीं. तो वाऱ्यानें जडला, आणि कोणाच्या ध्यानींमनीं नसतांना जडला. पिकांवर आणि भिंतींवर मारलेलीं औषधें हवेंतून उडून हिमसागरांत जाऊन बसलीं, तेथील मासे, सील आणि अस्वलें यांच्या चरबींत शिरलीं आणि सरतेशेवटीं तेथील मातांच्या दुधांत उतरलीं. ही हकीकत जितकी विस्मयकारक तितकीच विचार करावयास लावणारी आहे. कारण तिचा आरंभ अपकारानें नव्हे, तर एका मोठ्या उपकारानें झालेला आहे.

इ. स. १८२५ मध्यें लंडन येथें मायकेल फॅरडे या विख्यात शास्त्रज्ञानें बेंझीन व क्लोरीन यांचा सूर्यप्रकाशांत संयोग करून एक नवीन पदार्थ बनविला. पुढें बी. एच. सी. या नांवानें शेतकऱ्यांच्या ओळखीची झालेली भुकटी ती हीच. १८७४ सालीं ओथमार झाइडलर या तरुण रसायनशास्त्रज्ञानें डी. डी. टी. हा दुसरा पदार्थ सिद्ध केला. दोहोंचाहि उपयोग काय, हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. १९३९ सालीं स्वित्झर्लंडमधील पॉल म्युलर यांनीं डी. डी. टी.च्या अंगची कीटकसंहारक शक्ति हुडकून काढली. दुसऱ्या महायुद्धांत १९४३–४४ च्या हिंवाळ्यांत इटलींतील नेपल्स शहरीं उवांमुळें पसरणाऱ्या ज्वराची साथ या भुकटीनें आटोक्यांत आणली, तेव्हां जगास जणूं संजीवनीच सांपडल्यासारखें वाटलें. १९४८ सालीं म्युलर यांना वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. युद्धाच्याच काळांत बी. एच. सी.चाहि कीटकनाशक गुण उघडकीस आला, आणि गॅमेक्झिन या नांवानें ती भुकटी देशोदेशीं जाऊं लागली.

हिंदुस्थानांत या औषधांचें स्वागत कां झालें, हें समजण्यास त्या वेळची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. १९४७ च्या सुमारास देशांत दरसाल सुमारें साडेसात कोटि लोक हिंवतापानें आजारी पडत आणि आठ लक्ष मरत. पावसाळा सरला कीं खेडोपाडीं घरटीं एक तरी मनुष्य गोधडीखालीं कुडकुडत पडलेलें असे. ऐन सुगीच्या दिवसांत शेतांत जावयास माणूस मिळत नसे. मुंबई इलाख्यांत कारवार व धारवाड या जिल्ह्यांत १९४६ सालीं घरांच्या भिंतींवर डी. डी. टी. फवारण्यास प्रारंभ झाला. १९५३ सालीं राष्ट्रीय हिंवताप नियंत्रण योजना निघाली. पाठीवर पंप घेतलेल्या टोळ्या घरोघर हिंडूं लागल्या. दिल्ली येथें सरकारी कारखाना उभा राहिला, पुढें कुलाबा म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांत रसायनी येथेंहि तेंच औषध तयार होऊं लागलें. परिणाम असा झाला कीं, १९६५ सालीं देशांतील हिंवतापाच्या रोग्यांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. अवघ्या अठरा वर्षांत साडेसात कोटींवरून एक लाखावर! ज्या मातेचें मूल या औषधानें वांचलें, तिनें त्यास विष म्हणावें अशी अपेक्षा कोण करील?

घरांतून हें औषध शेतांत गेलें. समुद्रपुराचा शेजारी जो हिंगणघाट, त्याचा कापूस एकोणिसाव्या शतकांत विलायतेच्या गिरण्यांपर्यंत नांवाजलेला होता. तो देशी वाणाचा कापूस कोरडवाहू जमिनींत, बेताच्या पावसावर येई आणि किडीशीं आपल्या परीनें झुंजे. १९७० सालीं गुजराथेंत संकरित कापसाचें पहिलें वाण निघालें व त्यानंतर अशा वाणांचा प्रसार झपाट्यानें झाला. उत्पन्न वाढलें, पण खत, पाणी आणि औषध यांची भूकहि वाढली. बोंडअळी, तुडतुडे व मावा यांवर स्वस्तांत स्वस्त उपाय म्हणजे बी. एच. सी.ची भुकटी. देशाच्या लागवडीखालील जमिनींत कापसाचा वाटा शेंकडा पांचांच्या आसपास. परंतु १९९० च्या दशकांत कीटकनाशकांच्या एकंदर खपांत त्याचा वाटा जवळजवळ निम्मा भरे. यावरून कापूसमुलखावर औषधाचा किती वर्षाव झाला असेल, याची कल्पना करतां येते.

या बी. एच. सी.ची एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ती भुकटी म्हणजे एकच पदार्थ नसून अनेक जुळ्या पदार्थांची खिचडी असे. कीटक मारण्याची खरी शक्ति त्यांतील गॅमा नांवाच्या भागांत, आणि तो भाग शंभरांत दहापंधरा. शंभरांत साठसत्तर भाग असे तो आल्फा नांवाच्या भावंडाचा. किड्यांच्या दृष्टीनें तो बहुतेक निरुपयोगी. पण निवडून वेगळें करण्याचा खर्च नको म्हणून सगळी खिचडीच पिकावर धुरळली जाई. बोंडअळीला ज्याचा विशेष उपद्रव नव्हता, तोच हा आल्फा पुढें हिमसागराचा मोठा पाहुणा ठरावयाचा होता.

आतां हीं द्रव्यें नाश कां पावत नाहींत, हें पाहूं गेल्यास कारण सोपें आहे. शेणखत, पालापाचोळा किंवा मेलेला प्राणी यांस मातींतील सूक्ष्म जंतु खाऊन टाकतात. कारण युगानुयुगें त्यांस तें अन्न परिचयाचें आहे. क्लोरीननें चोहोंकडून जखडलेले हे नवे पदार्थ मात्र त्यांच्या दांतांस लागत नाहींत. समुद्रपूर तालुक्यांतील गिरड येथील टेकडीवर फळांच्या आकाराचे दगड सांपडतात. तेथील साधूची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सारा माल त्याच्या शापानें दगड झाला, अशी आख्यायिका आहे. प्रयोगशाळेंत निर्माण झालेल्या या मालाचीहि गत तीच. कुजणें, विरणें, मातीस मिळणें हा सृष्टींतील सर्व पदार्थांचा धर्म. त्यालाच हीं द्रव्यें मुकलीं.

हीं न विरणारीं द्रव्यें इतक्या दूर गेलीं तरी कशीं? घरांतील तीन अनुभव आठवले म्हणजे याचा उलगडा होतो. कपड्यांच्या पेटींत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या पाण्यावांचून, आंचेवांचून हळूहळू झिजून नाहींशा होतात. म्हणजे घन पदार्थहि उष्ण हवेंत वाफ होऊन उडतो. शिजत्या भाताच्या तपेल्यावरील झांकण उचललें तर खालीं थेंब जमलेले दिसतात; म्हणजे उष्ण ठिकाणची वाफ थंड पृष्ठभाग भेटतांच तेथें बसते. सोडावॉटरची बाटली थंड असेपर्यंत तिच्यांतील वायु पाण्यांत मुकाट्यानें राहतो, आणि ती तापली कीं उसळून बाहेर येतो. म्हणजे थंड पाणी वायूस अधिक धरून ठेवतें. ऐन वैशाखांत तापलेल्या काळ्या शिवारांतून औषधाची वाफ उठते, वाऱ्याबरोबर उत्तरेस जाते, थंडी लागली कीं खालीं उतरते, पुढील उन्हाळ्यांत पुनः उठते आणि आणखी उत्तरेस सरकते. असे टोळासारखे टप्पे घेत घेत ती अशा ठिकाणीं पोंचते कीं, जेथून उठावयास पुरेशी ऊबच नाहीं. तेथें सहा महिन्यांची रात्र, सूर्यप्रकाशाचा अभाव आणि गोठलेलें पाणी. विषाचा नाश करणाऱ्या सर्व शक्ति मंद. सारी पृथ्वी म्हणजे जणूं अर्क काढण्याची एक भट्टीच, आणि उत्तर ध्रुव हें तिचें थंड भांडें. १९७५ सालीं एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञानें या कल्पनेचें सूतोवाच केलें, आणि १९९३ सालीं कॅनडांतील फ्रँक वानिया व डोनाल्ड मॅके यांनीं तिची सविस्तर मांडणी केली.

शास्त्रज्ञांच्या लक्षांत ही गोष्ट येण्यापूर्वीं पशुपक्ष्यांनीं तिची साक्ष दिलेली होती. १९६२ सालीं अमेरिकेंतील रेचेल कार्सन या विदुषीनें पांखरांच्या नाशाची कहाणी आपल्या ग्रंथांत मांडली आणि जगाची झोंप मोडली. १९६६ सालीं स्वीडनमध्यें सोरेन येन्सेन हे मासे व समुद्रगरुड यांच्या शरीरांत डी. डी. टी. शोधीत होते. त्यांना त्याच्या जोडीला एका अनोळखी पदार्थाच्या खुणा वरचेवर आढळूं लागल्या. कसून शोध करतां तो पी. सी. बी. निघाला, विजेच्या ट्रान्सफॉर्मरांतील तेलासाठीं १९२९ पासून कारखान्यांत बनणारा पदार्थ. जो पदार्थ कोणीं शेतांत टाकला नव्हता, तो बाल्टिक समुद्राच्या गरुडाच्या शरीरांत होता! बाल्टिकमधील सील आणि गरुड यांची वीण त्या काळीं खुंटत चालली होती, तिचें एक कारण येथें उमगलें.

त्याहून मोठा धक्का अद्याप बसावयाचा होता. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत एरिक डेवाई नांवाचे वैद्य मातांच्या दुधांतील विषद्रव्यांचा अभ्यास करीत होते. शहरांतील मातांशीं तुलना करण्यास अगदीं निर्मळ असा नमुना हवा, म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत त्यांनीं उत्तरेकडील इनुइट स्त्रियांचें दूध तपासावयास घेतलें. त्या मुलखांत कारखाना नाहीं, शेत नाहीं, फवारणीचा पंप नाहीं. परंतु त्या दुधांत पी. सी. बी.चें प्रमाण दक्षिणेच्या शहरी मातांच्या सुमारें पांचपट आढळलें. याचें कारण तेथील अन्नसाखळींत आहे. पाण्यांतील विष शेवाळांत येतें. शेवाळ खाणाऱ्या बारीक जीवांत तें सांचतें. त्यांना खाणाऱ्या माशांत तें वाढतें, माशांवर जगणाऱ्या सीलांत आणखी वाढतें, आणि सील खाणाऱ्या पांढऱ्या अस्वलांत व माणसांत कळसास पोंचतें. विष पाण्यापेक्षां चरबींत अधिक मुरतें, आणि त्या थंडींत चरबी हेंच सर्वांचें अन्न व पांघरूण. गव्हाचा कण जेथें उगवत नाहीं, तेथें सील आणि देवमासा खाऊं नका असें सांगणें म्हणजे माणसाला त्याचें घरच सोड म्हणण्यासारखें आहे.

बी. एच. सी.चा हिशेब तर समुद्राच्या पाण्यांतच लिहिलेला सांपडला. उत्तर अमेरिकेच्या उत्तरेस असलेल्या बोफर्ट समुद्राच्या पाण्यांत आल्फा बी. एच. सी.चें प्रमाण उष्ण समुद्रांतल्यापेक्षां किती तरी अधिक निघालें. एका लिटर पाण्यांत कांहीं नॅनोग्रॅम, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभरकोटिवा भाग. तरी सगळ्या समुद्राचा विचार करतां तो सांठा मोठा होता. ज्या देशांत हें औषध सर्वांत जास्त वापरलें गेलें, त्यांत चीनच्या खालोखाल भारताचा क्रम लागे. बोफर्ट समुद्रांतील अमुक कण समुद्रपूरच्या अमुक धुऱ्यावरून उडाला, असें कोणत्याहि शास्त्रज्ञास दाखवितां येणार नाहीं. पण दोन्ही देशांच्या शिवारांचा त्या समुद्रावर किती भार होता, हें पुढील घटनेनें सिद्ध झालें. चीननें १९८३ सालीं या भुकटीचें उत्पादन बंद केलें, तेव्हां ध्रुवप्रदेशांतील हवेंतील तिचें प्रमाण एकदम घसरलें. १९९० च्या सुमारास सोव्हिएत संघांत व भारतांत वापर उतरूं लागतांच पुनः एक घसरण झाली. हवा निवळली, आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धांत एक अपूर्व दृश्य दिसलें: आजवर विष पिणारा समुद्र आतां तेंच विष उलट हवेंत सोडूं लागला! भारतानें १९९७ सालीं बी. एच. सी.वर पूर्ण बंदी घातली.

याच सुमारास जगांतील राष्ट्रें या विषांविरुद्ध करार करण्यास बसलीं, आणि तेथें दोन मातांचें दुःख समोरासमोर आलें. एक माता हिमप्रदेशांतील, जिच्या दुधांत विष उतरत होतें. दुसरी उष्ण देशांतील, जिचें मूल डांसांमुळें मरत होतें. पहिलीला वांचवावें तर डी. डी. टी. बंद केलें पाहिजे, दुसरीला वांचवावें तर तें हवें. आणि दुसरीची भीति पोकळ नव्हती. डांस औषधाला दाद देईनासे झाल्यावर आणि योजनेंत ढिलाई आल्यावर १९७६ सालीं भारतांत हिंवतापाचे चौसष्ट लाखांवर रोगी झालेले होते. १९९९ सालीं नैरोबी येथील बैठकींत शीला वॉट-क्लूटिए या इनुइट स्त्रीनें संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचे प्रमुख क्लाउस टॉपफर यांना माता व बालक यांची एक लहान कोरीव मूर्ति दिली. पुढील वाटाघाटींच्या वेळीं ती अध्यक्षांच्या मेजावर ठेवलेली असे. परंतु या बाईंची खरी थोरवी पुढेंच आहे. आपलीं मुलें वांचावींत म्हणून दूरच्या देशांतील मुलें हिंवतापानें मरावींत, असा करार आपल्याला नको, हें त्यांनीं निःसंदिग्धपणें बजाविलें. २००१ च्या मे महिन्यांत स्टॉकहोम येथें करार झाला. बारा द्रव्यांवर त्यानें बंधन घातलें, आणि डी. डी. टी.ला केवळ रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरती सवलत ठेविली. भारतांत शेतीसाठीं त्याचा वापर १९८९ पासूनच बंद झालेला होता. २००६ च्या जानेवारींत भारतानें करारास मान्यता दिली. २००९ सालीं बी. एच. सी.चीं भावंडेंहि त्या यादींत आलीं.

एवढ्यानें प्रश्न मिटला असें मात्र नाहीं. बी. एच. सी.च्या जागीं आलेल्या औषधांत एंडोसल्फान प्रमुख होतें. कापसावर तें सर्रास मारलें जाई. केरळांतील कासरगोडच्या काजूबागांवरील त्याच्या फवारणीनंतर तेथील लोकांच्या व्याधींचा प्रश्न देशभर गाजला. २०११ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्याचें उत्पादन व विक्री थांबविली. तेंहि ध्रुवप्रदेशाच्या हवेंत पोंचलेलें होतें. त्यानंतरचीं अनेक औषधें लवकर विरणारीं आहेत, हें खरें. पण जें हिमसागरापर्यंत जात नाहीं, तें फवारणाऱ्याच्या अंगावर येऊं शकतें. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत उंच वाढलेल्या पऱ्हाटींत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसें दगावलीं. दूरच्या मातेचें ओझें हलकें करतांना जवळच्या मजुराच्या पाठीवर तें चढणार नाहीं, हें पाहणें बाकीच आहे. शिवाय हवामान तापत चालल्यामुळें बर्फ वितळून त्यांत वर्षानुवर्षें कोंडलेलें जुनें विष पुनः मोकळें होत आहे.

उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-आलेसुंद नांवाची शास्त्रज्ञांची वसाहत आहे. तेथें २००८ सालापासून भारताचें ‘हिमाद्रि’ नांवाचें संशोधनकेंद्र चालतें. त्याचा कारभार गोव्यांतील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. जवळच्या डोंगरावर नॉर्वेचें एक वेधस्थान असून तेथें हवेंतील या विषांचें मोजमाप नियमानें होतें. समुद्रपूरपासून तें ठिकाण सुमारें सात हजार किलोमीटर दूर आहे.

जुन्या काळीं धुऱ्यापलीकडे शेत संपे, आणि शेताबरोबर शेतकऱ्याची जबाबदारीहि संपे. या शतकांत तसें राहिलेलें नाहीं. जें शिवारांतून नाहींसें झालें असें वाटलें, तें कोठें तरी कोणाच्या तरी ताटांत जाऊन पडलें. मात्र त्याच हिशेबाच्या वहींत दुसरेंहि एक पान आहे. येथें हात आवरला, तसें तेथील पाणी निवळूं लागलें. आणि तेंहि दहापंधरा वर्षांत, एका माणसाच्या आयुष्यांत पाहतां येईल इतक्या लवकर. समुद्र न पाहिलेल्या माणसालाहि समुद्र राखतां येतो, हें समुद्रपुरासारख्या गांवाला त्याच्या नांवानेंच ठाऊक असावयास हवें.